पद्धत परदेशी, वर्ग एतद्देशीय

विद्यापीठांतील आणि महाविद्यालयांतील इंग्रजीच्या अध्यापकांना परदेशी पाठवून भाषाध्यापनाच्या आधुनिक पद्धतींचे शिक्षण द्यावे, ही कल्पना आपल्या देशात आता जुनी झाली आहे. तिचे नावीन्य ओसरले असले तरी तिच्याविषयीचे आकर्षण ओसरलेले नाही. एखाद्या शिष्यवृत्तीवर काही महिने अथवा वर्षभर इंग्लंडमध्ये राहून आलेल्या अध्यापकाचा उल्लेख महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात अभिमानाने केला जातो, नियतकालिकात त्याचे छायाचित्र झळकते, आणि पुढच्या जून महिन्यात तो पूर्वीच्याच वर्गात, पूर्वीच्याच फळ्यापुढे, पूर्वीचेच पाठ्यपुस्तक हाती घेऊन उभा राहतो. परदेशातून त्याने काय आणले आणि आणलेल्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची गरज संस्थेस वाटत नाही, विद्यापीठास वाटत नाही, आणि पुष्कळदा त्या अध्यापकासही वाटेनाशी होते. आम्हांस मात्र तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

या विषयावर आपल्याकडे दोन ठरीव मते आढळतात. लंडनमध्ये किंवा लँकेस्टरमध्ये जे शिकविले जाते ते अद्ययावत, म्हणून ते आपण जसेच्या तसे उचलावे, असे एक मत. हा सारा परदेशवारीचा सोस आहे, आमच्या वाडवडिलांनी तर्खडकरांच्या भाषांतरमालेवर इंग्रजी शिकून न्यायालये आणि कचेऱ्या गाजविल्या, त्यांना कोठे असल्या पद्धती लागल्या होत्या, असे दुसरे मत. पहिल्या मताचे लोक आपला वर्ग विसरतात. दुसऱ्या मताचे लोक हे विसरतात की भाषांतरमालेवर तयार झालेले जे पाच-दहा विद्वान त्यांना आठवतात, त्यांच्यामागे त्याच वर्गात बसून इंग्रजीने घायाळ झालेले शेकडो विद्यार्थी होते, आणि त्यांची नावे कोणाच्याच लक्षात राहिलेली नाहीत.

ही आधुनिक पद्धत म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. इंग्रजीत जिला ‘कम्युनिकेटिव्ह’ म्हणतात तिला आपण संवादाधिष्ठित पद्धत म्हणू. भाषेला व्याकरणाचे नियम असतात तसे वापराचेही नियम असतात. कोणाशी, कोठे, कोणत्या हेतूने आणि कोणत्या शब्दांत बोलावे हे ज्याला ठाऊक नाही त्याला व्याकरणाचे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही, हा विचार अमेरिकन मानवशास्त्रज्ञ व भाषाभ्यासक डेल हाइम्स यांनी १९६० च्या दशकात मांडला. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांपैकी कोणता शब्द कोणापुढे वापरावा हे व्याकरणाच्या पुस्तकातून कोणी शिकत नाही. ते घरात, ओसरीवर आणि देवळाच्या सभामंडपात शिकले जाते. परकी भाषाही अशीच वापरातून शिकवावी, विद्यार्थ्याला काही सांगायचे असावे, काही विचारायचे असावे, आणि ते सांगता-विचारताना भाषा त्याच्या अंगवळणी पडावी, हे या पद्धतीचे सार आहे.

या विचाराला अभ्यासक्रमाचे रूप आले ते युरोपात. तेथील देशांमध्ये कामगारांची, व्यापाऱ्यांची आणि प्रवाशांची ये-जा वाढली. परक्या देशात गेलेल्या प्रौढ माणसाला घर भाड्याने घेणे, डॉक्टरला दुखणे सांगणे, रस्ता विचारणे यांसाठी किमान किती भाषा लागते, याचा हिशेब युरोप परिषदेने मांडावयास घेतला आणि १९७५ साली व्हॅन एक यांचा ‘थ्रेशोल्ड लेव्हल’ हा आराखडा प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९७६ मध्ये डेव्हिड विल्किन्स यांचे आणि १९७८ मध्ये हेन्री विडोसन यांचे पुस्तक आले. इंग्लंडमधील प्रशिक्षणकेंद्रांतून हीच शिकवण पुढे जगभर गेली. रुक्ष व्याकरण आणि अर्थहीन घोकंपट्टी यांना कंटाळलेल्या अध्यापकांना ती मोकळ्या वाऱ्यासारखी वाटली असल्यास त्यात आश्चर्य नाही.

आपल्या जुन्या पद्धतीचे अपयश झाकण्यात अर्थ नाही. आपल्याकडचा पदवीधर कर्तरी वाक्याचे कर्मणी अचूक करतो. प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करतो. ध्वनिवर्धकाच्या उपद्रवाविषयी पोलीस अधिकाऱ्यास लिहावयाचे पत्र त्याला तोंडपाठ असते. मुलाखतीच्या वेळी मात्र ‘आपल्याविषयी सांगा’ एवढे कोणी विचारले की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. शिकविलेले सगळे त्याला येते. जे करावे लागते ते कधी शिकविलेलेच नसते. वाघिणीचे दूध म्हणून जी भाषा आपण डोक्यावर घेतली, ती आपण पेल्यात ओतून त्याचे रासायनिक पृथक्करण विद्यार्थ्याला पाठ करावयास लावले, प्यावयास कधी दिले नाही. तेव्हा संवादाधिष्ठित पद्धतीने या दोषावर बोट ठेवले, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

परदेशी प्रशिक्षण हे आपल्यावर कोणी केलेले उपकार आहेत, असाही समज असू नये. ए. एस. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश आपल्या शाळा-महाविद्यालयांतील कित्येक पिढ्यांनी विकत घेतला आहे. हॉर्नबी यांनी आपल्या मानधनातील मोठा वाटा देऊन १९६१ साली एक न्यास स्थापन केला आणि त्यातून इतर देशांतील इंग्रजीच्या शिक्षकांना इंग्लंडमध्ये शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. याच कोशाची जन्मकथा आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. तो ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात बसून तयार झाला नाही. हॉर्नबी जपानमध्ये शिकवीत होते, जपानी विद्यार्थी कोठे अडखळतो हे वर्षानुवर्षे पाहत होते, आणि त्या निरीक्षणातून सिद्ध झालेला कोश १९४२ साली प्रथम टोकियोत छापला गेला. जगभर गाजलेली ही वस्तू एका विशिष्ट वर्गातल्या विशिष्ट अडचणीतून निघाली. आपले अध्यापक परदेशी जातात ते बहुधा याच्या उलट दिशेने. तेथे सिद्ध झालेले उत्तर ते घेऊन येतात आणि त्याला साजेसा प्रश्न आपल्या वर्गात शोधू लागतात.

आणि आपला वर्ग कसा आहे? युरोपातील पद्धत ज्या वर्गासाठी घडली त्यात पंधरा-वीस प्रौढ माणसे होती. ती स्वेच्छेने आलेली होती, शिकलेले उद्याच वापरावयाचे आहे हे त्यांना ठाऊक होते, आणि वर्गाबाहेर पाऊल टाकताच ती भाषा त्यांच्या कानावर पडत होती. आपल्या पहिल्या वर्षाच्या सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला ऐंशी-नव्वद विद्यार्थी जमिनीला खिळविलेल्या बाकांवर बसतात. तास पाऊण तासाचा, त्यात हजेरीची दहा मिनिटे. जोड्या करा, गट करा, एकमेकांशी इंग्रजीत बोला, असे सांगताच पहिल्या दोन बाकांवर इंग्रजी सुरू होते, मधल्या बाकांवर कालच्या क्रिकेट सामन्याची चर्चा होते, आणि शेजारच्या वर्गातील सहकारी गोंगाटाची तक्रार घेऊन प्राचार्यांकडे जातो. आठवडाभरात नव्याचे नऊ दिवस संपतात. दोष त्या अध्यापकाच्या उत्साहाचा नसतो. परदेशात त्याला ज्या वर्गात शिकविण्याचा सराव दिला गेला, तो वर्ग येथे नाहीच.

ही विसंगती केवळ आपल्याच वाट्याला आली असे नाही. १९८० च्या दशकात इजिप्तमधील विद्यापीठांत काम केलेले एड्रियन हॉलिडे यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात हेच दाखविले. इंग्लंड-अमेरिकेतील खाजगी भाषावर्गांत वाढलेल्या पद्धती इतर देशांतील सरकारी शाळा-विद्यापीठांत नेल्या की तेथील गर्दी, तेथील गुरुशिष्यसंबंध आणि तेथील संस्थांचे रीतिरिवाज त्यांना सामावून घेत नाहीत, आणि तो दोष मागासलेपणाचा मानणे अन्यायाचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग संवादाधिष्ठित विचार आपल्या वर्गात रुजणारच नाही की काय? रुजतो. त्याचा पुरावा आपल्या शेजारच्या राज्यात, आपल्याच माणसाने दिला आहे, आणि तरीही आपल्या अध्यापकवर्गात त्याची म्हणावी तशी ओळख नाही, ही खेदाची गोष्ट आहे. एन. एस. प्रभु त्या वेळी ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात होते. बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साहाय्याने त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात कर्नाटक व तामिळनाडूतील काही शाळांमध्ये एक प्रयोग केला. त्यात व्याकरणाचे धडे नव्हते. त्या जागी रेल्वेचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, दिनदर्शिका, घराचा आराखडा अशा साध्या वस्तू आल्या. अमुक गाडी चुकली तर तमुक गावी किती वाजता पोहोचता येईल, असा प्रश्न वर्गापुढे ठेवावयाचा. शिक्षकाने तो सर्वांबरोबर इंग्रजीत बोलत-विचारीत सोडवावयाचा. मग तसाच दुसरा प्रश्न प्रत्येक मुलाने स्वतः सोडवावयाचा. मुलाचे लक्ष उत्तराकडे, आणि भाषा त्या ओघात पदरी पडते.

या प्रयोगातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये ज्या गटकार्याचा एवढा गौरव होत होता, ते प्रभूंनी विचारपूर्वक टाळले. मुले आपसांत बोलतील तेव्हा एकमेकांचे कच्चे इंग्रजीच उचलतील, त्यापेक्षा शिक्षकाचे चांगले इंग्रजी त्यांच्या कानावर अधिक पडावे, असा त्यांचा विचार होता. मोठ्या वर्गापुढे एकट्याने उभे राहून प्रत्येकाला विचार करावयास लावणे ही कला आपल्या भूमीला अपरिचित नाही. आमचा कीर्तनकार दुसरे काय करतो? समोर दोनशे श्रोते बसलेले असतात, बोलतो तो एकटाच; पण तो प्रश्न टाकतो, थांबतो, दृष्टांत देतो, आणि उत्तर श्रोत्याच्या ओठावर आले की मगच पुढचे पद उचलतो. प्रभूंनी कीर्तनावरून काही घेतले असे आम्ही म्हणत नाही. संवाद केवळ जोड्याजोड्यांनी बसूनच होतो, हा समज मात्र त्यांच्या प्रयोगाने खोटा पाडला.

या प्रयोगाला संपूर्ण यश आले असाही दावा करता येणार नाही. एडिंबरोच्या तज्ज्ञांनी केलेल्या मूल्यमापनाचा कौल अनुकूल असला तरी सावध होता, आणि नियमित शिक्षकांपैकी अनेकांना ही पद्धत पुरती आत्मसात झाली नव्हती, असे नंतरच्या पाहणीत दिसून आले. प्रभूंनी यातूनही पुढचा विचार केला. सर्वांत उत्तम अशी एकच पद्धत नाही आणि ती का नाही, हे त्यांनी १९९० च्या एका निबंधात सांगितले. पद्धत कोणतीही असो, शिकविणाऱ्याला ती आतून पटलेली असेल, तो रोजच्या अनुभवावर ती घासून पाहत असेल, तर ती जिवंत राहते. नाहीतर ती यांत्रिक होते, हे त्यांचे सांगणे. परदेशी प्रशिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुलगुरूने हे वाक्य आपल्या टेबलावरील काचेखाली ठेवावे, असे आम्ही सुचवू.

यांत्रिकतेचा अनुभव तर आपल्याला त्याही आधी आला होता. १९५८ साली हैदराबादेत इंग्रजीची केंद्रीय संस्था स्थापन झाली. फोर्ड प्रतिष्ठान आणि ब्रिटिश कौन्सिल यांचे तिला साहाय्य होते. सांगलीच्या विलिंग्डन आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत काम केलेले कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक तिचे संचालक होते. हीच संस्था आज इंग्रजी व परदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठ झाली आहे. त्याच सुमारास मद्रास राज्यात इंग्रजीच्या सत्तावीस हजार शिक्षकांना नव्या रचनाधिष्ठित पद्धतीचे शिक्षण देण्याची प्रचंड मोहीम निघाली. थोड्यांना तज्ज्ञांनी शिकवावयाचे, त्यांनी पुढच्यांना, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, अशी योजना होती. घरंगळणाऱ्या बर्फाच्या गोळ्याचे नावही तिला मिळाले. उतारावरून जाताना गोळा मोठा होत जातो हे खरे. पण ज्ञानाच्या बाबतीत तो प्रत्येक टप्प्यावर विरघळतही जातो. या पद्धतीचे शेवटी काय झाले हे सांगावयास हवे काय? वाक्यांचे साचे मुलांकडून सामुदायिकरीत्या वदवून घेणे एवढीच तिची ओळख उरली, आणि त्या असमाधानातूनच पुढे प्रभूंचा प्रयोग जन्माला आला.

अध्यापकांना परदेशी पाठविण्याचे सर्वच प्रयत्न वाया गेले, असे मात्र नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश साहाय्याने जो इंग्रजी प्रकल्प हाती घेतला, त्यात शिक्षकांचे गट प्लिमथच्या सेंट मार्क अँड सेंट जॉन महाविद्यालयात पाठविण्यात आले. हे शिक्षक तेथे केवळ व्याख्याने ऐकण्यास गेले नव्हते. आपल्या नववी-दहावीच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तके लिहिणे, हे काम त्यांच्या हाती दिलेले होते. पुस्तके तयार झाली, ती वर्गात आली, त्यांच्याबरोबर प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलले, आणि नव्या अभ्यासक्रमाचे वर्गात प्रत्यक्ष काय होते याची पाहणी हैदराबादच्या संस्थेने कित्येक वर्षे शिक्षकांनाच बरोबर घेऊन केली. प्रकल्पात उणिवा नव्हत्या असे नाही. परंतु जाणाऱ्यापाशी काम होते, एकट्याऐवजी गट होता, आणि परतल्यावर परीक्षेवर परिणाम करण्याचा अधिकार होता. विद्यापीठांच्या परदेशवारीत नेमक्या याच तीन गोष्टींचा अभाव असतो.

आता मातृभाषेचा प्रश्न. परदेशातून परतलेला अध्यापक पुष्कळदा पहिला नियम करतो तो असा, की वर्गात इंग्रजीखेरीज एक शब्दही उच्चारला जाणार नाही. या नियमाचे मूळ शास्त्रापेक्षा परंपरेत अधिक आहे. १९६१ साली युगांडातील माकेरेरे येथे भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेत इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे, आदर्श शिक्षक तो ज्याची ती मातृभाषा आहे, अशी सूत्रे मान्य झाली. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये या सूत्रांची झाडाझडती घेऊन ती भ्रामक ठरविली. २०१० मध्ये गाय कुक यांनी भाषाध्यापनात भाषांतराला पुन्हा मानाचे स्थान द्यावे, असा ग्रंथच लिहिला. ज्या तर्खडकरी परंपरेची आपण लाज बाळगू लागलो होतो, तिच्यातील ग्राह्य अंश आता तिकडचे पंडितच उचलून धरीत आहेत. एखाद्या अवघड संकल्पनेसाठी अध्यापकाने एक वाक्य मराठीत किंवा कोकणीत उच्चारले, तर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो पाप नव्हे. त्याच्या घरच्या भाषेला वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवावयास लावणे, हे मात्र त्याला अपमानित करण्यासारखे आहे, आणि अपमानित माणूस बोलत नाही.

गोमंतकाच्या दृष्टीने या साऱ्याला एक वेगळीच निकड आहे. परक्या भाषेत पाठ म्हणून दाखविण्याची विद्या या भूमीला नवी नाही. पोर्तुगीज अमदानीत आपण ती पुष्कळ गिरविली. त्या काळीही उच्च शिक्षणासाठी इंग्रजीची कास धरून आमच्या तरुणांनी मुंबई, बेळगाव, धारवाडची वाट धरली. मुक्तीनंतर १९६२ पासून येथे महाविद्यालये निघाली, ती मुंबई विद्यापीठाशी संलग्न राहिली, आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले. शालेय स्तरावर १९९० पासून प्राथमिक शाळांचे अनुदान प्रादेशिक भाषांच्या माध्यमाशी जोडले गेले आणि २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही खुले झाले. त्या वादाची राळ पुन्हा उडविण्याचे येथे प्रयोजन नाही. वस्तुस्थिती एवढीच, की आमची हजारो मुले चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकली आणि पाचवीत एकदम इंग्रजीच्या प्रवाहात पडली. ज्यांच्या घरी इंग्रजीचा वारा होता ती तरली. पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण येथील ज्या मुलांच्या घरी तो नव्हता, ती मुले सातआठ वर्षे ओळी पाठ करून बारावीपर्यंत आली आणि महाविद्यालयाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. त्यांच्यात बुद्धीची वाण नाही. मराठीत एखादा विषय द्या, ही मुले गणेशोत्सवाच्या वक्तृत्वस्पर्धेत सभागृह हलवतील. इंग्रजीच्या तासाला मात्र ती तीन वर्षे एक वाक्यही न बोलता पदवीधर होतात.

या विद्यार्थ्याला लंडनच्या रेल्वे स्थानकावर तिकीट कसे मागावे हे शिकविण्याची घाई नाही. त्याला रसायनशास्त्राचे किंवा वाणिज्याचे इंग्रजी पुस्तक स्वतः वाचून समजले पाहिजे. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये ज्याला ग्रंथालयीन भाषा म्हटले ती त्याची पहिली गरज आहे. त्याला व्याख्यानातील न समजलेला मुद्दा उभे राहून विचारता आला पाहिजे. बँकेत, हॉटेलात, बोटीवर, न्यायालयात नोकरीसाठी उभे राहताना स्वतःची बाजू मांडता आली पाहिजे. पद्धत जेथून आणावयाची तेथून आणा. ती या मुलाचे तोंड उघडते की नाही, हीच तिची कसोटी.

आणि येथे परीक्षेपाशी येऊन सारे अडते. अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात संभाषणकौशल्य या नावाची पत्रिका आली, तिची पाठ्यपुस्तके आली, आणि परीक्षा पूर्वीसारखीच तीन तासांची लेखी राहिली. दूरध्वनीवर कसे बोलावे, याचे उत्तर विद्यार्थी कागदावर लिहितो! साहजिकच बाजारात त्या संभाषणाचेही गाइड निघते आणि ते संभाषण पाठ केले जाते. पोहण्याची परीक्षा पाट्यावर घेतल्यावर पाण्यात उतरण्याचे कष्ट कोण घेईल? परदेशातून कितीही निष्णात होऊन आलेला अध्यापक या प्रश्नपत्रिकेपुढे हतबल होतो. विद्यार्थीच त्याला नम्रपणे सांगतात, ‘सर, हे परीक्षेला येत नाही.’ त्या एका वाक्यापुढे परदेशातील वर्षभराचे शिक्षण वाहून जाते.

तेव्हा आमचे म्हणणे असे आहे. परदेशी पाठवावयाचा अध्यापक सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून निवडू नये. आपल्या वर्गातील अडचण कोणती, ती सोडविण्याचा आपण काय प्रयत्न केला, विद्यार्थ्यांच्या वह्यांत काय दिसले, याची नोंद जो पुढे ठेवील त्याला पाठवावे. त्याला एकट्याला पाठवू नये. एकाच विद्यापीठातून तीनचार जण जावेत, त्यांत ग्रामीण महाविद्यालयाचा एक तरी असावा आणि अभ्यासमंडळावर असलेला एक तरी असावा. जे हैदराबादेत आणि बंगळुरूत शिकता येण्याजोगे आहे ते आधी तेथे शिकावे. जे तेथे मिळत नाही त्यासाठीच परदेशाचा खर्च करावा. अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी १९८७ पासून विद्यापीठांत स्टाफ कॉलेजे स्थापन झाली, पुढे त्यांची नावे बदलली. या केंद्रांतील इंग्रजीचे वर्ग केवळ बढतीचे प्रमाणपत्र मिळविण्याचे ठिकाण राहू नयेत, परतलेल्या अध्यापकांची ती कार्यशाळा व्हावी.

परतलेल्यांना दोन वर्षे तरी त्या विषयाची प्रश्नपत्रिका बदलण्याचा अधिकार द्यावा. काही गुण तोंडी परीक्षेला असावेत आणि वशिल्याचा संशय नको म्हणून प्रत्येकाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. आज प्रत्येक अध्यापकाच्या खिशात ते यंत्र आहे. त्यासाठी वेगळा निधी मागण्याचे कारण नाही. सक्तीच्या इंग्रजीचा वर्ग आठवड्यातून एकदा तरी विभागून घ्यावा. आणि वर्षअखेर त्या गटाने जाहीर अहवाल द्यावा. त्यात फसलेल्या गोष्टीही असाव्यात. किंबहुना त्याच अधिक तपशिलाने असाव्यात, म्हणजे पुढच्याला ठेच लागणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की एवढ्या अटी घातल्यास कोणी जाणारच नाही. ज्याला केवळ जाऊन यावयाचे आहे तो जाणार नाही, ही गोष्ट खरी आहे. त्यात विद्यापीठाचे नुकसान नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संवादाधिष्ठित पद्धत आपल्याकडेच घडविता येते हे प्रभूंनी दाखविले असताना परदेशी पाठवावेच कशाला, असे कोणी विचारील. आमच्या मते दारे बंद करणे हे शहाणपण नव्हे. प्रभूंच्या प्रयोगालाही बाहेरच्या विचारांची आणि बाहेरच्या परीक्षकांची जोड होती. शिवाय परदेशी गेलेल्या अध्यापकाला जे तेथे अनायासे मिळते ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. आयुष्यभर इंग्रजी शिकविलेला हा मनुष्य तेथील दुकानात, बसमध्ये, शेजाऱ्याच्या थट्टेपुढे प्रथमच अडखळतो. शब्द सुचत नाही, सुचला तर उच्चार समोरच्याला कळत नाही, आणि तो गप्प बसणे पसंत करतो. आपल्या मागच्या बाकावरचा विद्यार्थी रोज काय अनुभवतो, हे त्याला त्या क्षणी कळू शकते. ते ज्याला कळले त्याची परदेशवारी सार्थकी लागली असे आम्ही मानू, मग त्याच्या पेटीत पुस्तके चार असोत की चाळीस.

विद्यापीठांनी म्हणूनच परतलेल्या अध्यापकाचे स्वागत हारतुऱ्यांनी करण्यापूर्वी त्याला एकच काम सांगावे. त्याने आपल्या जुन्या वर्गात जावे आणि वर्षाच्या अखेरीस, ज्यांनी आजवर इंग्रजीत तोंड उघडले नव्हते अशांपैकी किती विद्यार्थ्यांनी आपण होऊन प्रश्न विचारला, तो आकडा आणून द्यावा. शिष्यवृत्तीचा तोच खरा हिशेब होय.